चुकलेलं उत्तर वाचता यायला हवं : शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

दुसरीच्या वर्गात फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलीला तुम्ही सांगता, "बावन्न लिही." ती जरा थांबते आणि २५ लिहिते. पुढच्या पाच सेकंदांत तुम्ही काय करता, त्यात तुमची अध्यापन अभियोग्यता दिसते. कुणी "चूक, बस खाली" म्हणतं. कुणी स्वतःच पुसून ५२ लिहितं. बहुतेक जण दुसऱ्या मुलाला उठवतात. एखादीच बाई खडू तिच्याच हातात राहू देते आणि विचारते, "कसं लिहिलंस, मला सांग बरं." मुलगी सांगते, "बा म्हणजे दोन. ते आधी आलं ना."

तिचं ऐकणं अगदी बरोबर आहे. मराठीत बावन्न म्हणताना आधी दोन येतात, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच येतो. मुलगी जे ऐकू आलं ते त्याच क्रमाने लिहिते आहे. तिला दशक-एककाची मांडणी शिकवायची राहिली आहे, एवढाच त्या उत्तराचा अर्थ.

मी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि आता छात्राध्यापकांचे सराव पाठ पाहते. टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, पुस्तकं पाठ केलेली, बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या चारही अवस्था घडाघडा सांगणारी मुलंमुली वर्गात अशा २५ समोर गोंधळून जातात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून हा लेख परीक्षेच्या अभ्यासक्रमाच्या क्रमाने लिहिलेला नाही. आधी मूल, मग तत्त्व, मग पेपर, असा क्रम ठेवला आहे. या वाटेने गेलात तर बालमानसशास्त्राचे गुणही वाढतात, कारण तिथले बरेच प्रश्न वर्गातल्या प्रसंगांवरच बेतलेले असतात.

पायरी १ : आधी दोन मुलं शोधा

अभियोग्यता म्हणजे एखादं काम शिकून घेण्याची अंगची क्षमता आणि त्याकडे असलेला कल. शिकवण्याच्या बाबतीत ती थोडी उपजत असते, बरीचशी सवयीने येते. ती तुमच्यात किती आहे हे खुर्चीत बसून कळत नाही.

नात्यातली, चाळीतली किंवा वाडीतली सहा ते दहा वर्षांची दोन मुलं शोधा. आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर त्यांच्यासोबत बसा. शिकवणी घेऊ नका. त्यांना येतं ते त्यांनी तुम्हाला शिकवायचं : लगोरीचे नियम, शेळीची धार, मोबाइलवरचा एखादा खेळ. मग हळूच एखादं गणित, एखादा उतारा काढा. घरी आल्यावर वहीत तीन गोष्टी लिहा. मूल कुठे अडलं, मी काय बोलले, त्यानंतर मुलाने काय केलं.

महिनाभराने वही वाचताना स्वतःला हे विचारा. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना मी सांगण्याची रीत बदलली, की तेच वाक्य आवाज चढवून म्हटलं? मूल बोलत असताना मी किती वेळा मध्ये तोडलं? मुलाचे शब्द जसेच्या तसे वहीत आले आहेत का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात बोलका आहे. पहिल्या आठवड्यात बहुतेक छात्राध्यापकांच्या वहीत मुलाचं एकही वाक्य नसतं, सगळी त्यांची स्वतःची असतात. चौथ्या आठवड्यापर्यंत हे बदललं, तर तुम्ही योग्य क्षेत्रात आला आहात असं खुशाल समजा.

पायरी २ : परीक्षांचा नकाशा एकदाच समजून घ्या

यात फार वेळ घालवायचा नाही, पण गोंधळ मिटायला हवा. बोलताना लोक 'टीईटी' आणि 'टेट' हे शब्द एकमेकांत मिसळतात. परीक्षा मात्र दोन वेगवेगळ्या आहेत.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० गुण, १५० मिनिटं, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. दोन्ही पेपरांत बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला ३० गुण आणि दोन भाषांना ३०-३० गुण. पेपर एकमध्ये उरलेले गुण गणित आणि परिसर अभ्यासाचे, पेपर दोनमध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रांचे ६०. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात, मागास प्रवर्गांना ५५ टक्के. २०२१ पासून या प्रमाणपत्राला आयुष्यभराची वैधता आहे. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका हवी. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या स्तरासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही असं स्पष्ट केलं. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर तर आधीपासून नोकरीत असलेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनाही टीईटी उत्तीर्ण होणं भाग पडलं. त्यामुळे परीक्षेच्या वर्गात तुमच्या शेजारी वीस वर्षं शिकवलेल्या बाई बसलेल्या दिसल्या तर आश्चर्य वाटू देऊ नका. त्यांच्याशी मैत्री करा, त्यांच्याकडे पुस्तकात नसलेलं बरंच काही असतं.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. १२० गुण अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. पवित्र पोर्टल या शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या भरतीची गुणवत्ता यादी या गुणांवर लागते. इथली 'अभियोग्यता' बरीचशी अंकगणित, तर्क, भाषा, वेग आणि अचूकता तपासते. तिची तयारी वेगळी : रोज घड्याळ लावून पन्नास प्रश्न, दुसरा मार्ग नाही. नियम आणि तारखा बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी मूळ जाहिरात स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रावर अर्ज भरू नका.

पायरी ३ : पियाजे घरी करून पाहा

जीन पियाजे आणि लेव्ह व्हायगॉट्स्की हे दोघेही मानसशास्त्रज्ञ १८९६ साली जन्मले. पियाजे १९८० पर्यंत जगला, व्हायगॉट्स्की १९३४ मध्येच गेला. परीक्षेत या दोघांवर हमखास प्रश्न येतो, आणि वर्गातही या दोघांचा उपयोग सगळ्यात जास्त.

पियाजेच्या अवस्था चार : संवेदी-कारक (जन्म ते २ वर्षं), पूर्व-क्रियात्मक (२ ते ७), मूर्त क्रियात्मक (७ ते ११) आणि औपचारिक क्रियात्मक (११ नंतर). पाठ करण्याआधी स्वयंपाकघरात जा. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या. पाच वर्षांच्या मुलाकडून "दोन्हीत सारखं" असं कबूल करून घ्या. मग एका पेल्यातलं पाणी त्याच्यासमोर उंच, अरुंद बाटलीत ओता आणि विचारा, "आता जास्त कशात?" बहुतेक पाच वर्षांची मुलं बाटलीकडे बोट दाखवतात. नऊ वर्षांची मुलं हसतात आणि म्हणतात, "तेच तर ओतलंय." भांडं बदललं तरी प्रमाण तेच राहतं, अक्षय्यतेची संकल्पना हीच. एकदा डोळ्यांनी पाहिलीत की पुस्तकातली व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आता याची दुसरी बाजू. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी असाच प्रयोग सोंगट्यांच्या दोन ओळींवर केला. फक्त ओळ मोठ्या माणसाने विस्कटण्याऐवजी खेळण्यातल्या एका खोडकर अस्वलाकडून 'विस्कटवली'. तेव्हा कितीतरी जास्त लहान मुलांनी "सारख्याच आहेत" असं बरोबर उत्तर दिलं. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं की आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार. वर्गात हे सतत घडतं. बरोबर उत्तर दिलेल्या मुलाला आपण "नक्की?" म्हणून विचारतो आणि ते घाबरून उत्तर बदलतं. तेव्हा वयाच्या अवस्था लक्षात ठेवा, पण त्यांचा शिक्का मुलाच्या कपाळावर मारू नका.

व्हायगॉट्स्कीचं म्हणणं असं की मूल एकट्याने जे करू शकतं आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकतं, यांच्यामध्ये एक पट्टा असतो. त्याला समीपस्थ विकास क्षेत्र म्हणतात. शिकवणं या पट्ट्यात व्हायला हवं. याच विचाराशी जुळणारी, मुलाला तात्पुरता आधार देण्याची कल्पना वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये मांडली. आपल्याकडे तिला परांची म्हणता येईल. गवंडी भिंत उभी राहीपर्यंत परांची ठेवतो आणि मग उतरवतो. काही शिक्षक ती कधीच उतरवत नाहीत : चौथीतही प्रत्येक उत्तराचा पहिला शब्द तेच सांगतात. सराव पाठात हा दोष मला सगळ्यात जास्त दिसतो.

ब्रूनरचा क्रम सोपा आहे : आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. बाकीची नावं पेपरपुरती एकेका प्रसंगाशी जोडून ठेवा. पॅव्हलॉव्हचं अभिजात अभिसंधान : घंटा वाजली की मुलं डबे काढू लागतात. स्किनरचं साधक अभिसंधान : केल्याचं कौतुक झालं की मूल ते पुन्हा करतं. थॉर्नडाइकचा प्रयत्न-प्रमाद आणि सज्जता, सराव, परिणाम हे तीन नियम. कोहलरची मर्मदृष्टी, म्हणजे उपाय एकदम सुचणं : सुलतान नावाच्या चिंपांझीने दोन काठ्या जोडून केळं ओढलं. गार्डनरच्या बहुविध बुद्धिमत्ता (१९८३) पेपरात आवडीने विचारल्या जातात. वर्गात मात्र "हा संगीतवाला, ही गणितवाली" अशी वाटणी करू नका. सात वर्षांच्या मुलाबद्दल असं ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पायरी ४ : चूक वाचायला शिका

आता पहिल्या प्रसंगाकडे परत येऊ. हीच पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मराठी संख्यानामं मुलांना अवघड जातात, याला कारण आहे. एकवीसपासून पुढे एकक आधी आणि दशक नंतर बोललं जातं. त्यातही एकोण-ची गंमत : २९ ला एकोणतीस म्हणतात. मुलाला 'तीस' ऐकू येतं आणि ते ३९ लिहितं. एकोणऐंशीचे ८९ होतात. बरं, ही रीत ८९ पर्यंत, एकोणनव्वदपर्यंत चालते आणि ९९ ला नव्व्याण्णव होऊन मोडते. 'एकशे पाच' सांगितलं की काही मुलं १००५ लिहितात, कारण शंभर आधी पुरा लिहून त्यापुढे पाच ठेवणं हे त्यांच्या दृष्टीने पूर्ण तर्कशुद्ध आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. वादात कुणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा. पण ज्या अडचणीतून ती रीत सुचली, ती अडचण खरी आहे आणि उद्या तुमच्या वर्गात ती समोर उभी राहणार आहे.

उपाय साधे आहेत. दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या. दहाच्या नोटा आणि एकची नाणी. जाड कागदाची अंककार्डं : '५०' च्या कार्डातल्या शून्यावर '२' चं छोटं कार्ड ठेवलं की ५२ दिसतात, आणि २ उचलला की खालचे ५० पुन्हा दिसतात. मुलीला बावन्न काड्या मांडायला सांगा, मग कार्डं, मग वही.

वजाबाकीतही चूक वाचता येते. मुलाने ५२ वजा २७ चं उत्तर ३५ दिलं. लगेच हातचा समजावू नका. आणखी तीन गणितं द्या : ६४ वजा ३८, ७१ वजा ४५, ६८ वजा २५. पहिल्या दोन्हींची उत्तरं ३४ आली आणि तिसऱ्याचं ४३ बरोबर आलं, तर चित्र स्पष्ट आहे. मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं आहे. त्याच्याकडे एक नियम आहे आणि तो ते इमानदारीने पाळतं आहे. अशा मुलाला "लक्ष नाही तुझं" म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण लक्ष पूर्ण आहे. त्याला पाच गठ्ठे आणि दोन काड्या द्या आणि सात काड्या मागा. देता येत नाहीत, हे हाताला कळलं की गठ्ठा सोडायची गरज त्याला स्वतःलाच वाटते. उत्तरं कधी बरोबर आणि कधी चूक येत असतील, चुकीला काही आकारच नसेल, तर ती घाई किंवा थकवा असतो. तिथे सराव आणि विश्रांती लागते, पुन्हा शिकवणं नाही.

क्रम लक्षात ठेवा : "कसं केलंस?" असं विचारा, तशाच जातीची आणखी गणितं देऊन नियम ओळखा, वस्तूंवर आणा, मग चिन्हांवर परत या. भाषेतही हेच. 'कमळ' ला 'कळम' वाचणारं मूल आणि चित्र पाहून अंदाजाने वाक्य बोलणारं मूल, दोघांची गरज वेगळी असते. बरेच महिने मदत करूनही अक्षरं सारखी उलटसुलट होत असतील तर अध्ययन अक्षमतेची शक्यता तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. तो शब्द वर्गात, मुलासमोर किंवा पालकसभेत उच्चारू नये.

पायरी ५ : घरच्या भाषेला दार उघडा

मूल 'पानी' म्हणतं, तुम्ही 'पाणी' म्हणून दुरुस्त करता. ते 'लोनी' म्हणतं, तुम्ही पुन्हा थांबवता. तिसऱ्या वेळी ते बोलतच नाही. प्रमाण मराठी शिकवायची आहेच, पण ती मुलाची दुसरी बोली म्हणून शिकवा, पहिली चुकीची ठरवून नको. मुलाचं वाक्य पूर्ण होऊ द्या आणि तुमच्या उत्तरात तोच शब्द प्रमाण रूपात सहज वापरा. लिहिताना मात्र दोन्ही रूपं फळ्यावर शेजारी-शेजारी मांडा : घरी असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात.

वारली, पावरी, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या गावात नेमणूक झाली तर पहिल्या पंधरवड्यात त्यांच्या भाषेतले तीस शब्द मुलांकडूनच शिका : पाणी, भूक, दुखतंय, घाबरलो, पुन्हा सांगा, असे. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९ शक्य तिथे मातृभाषेतून शिक्षण द्यायला सांगतं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. हे पेपरात विचारतात. पण याची मुळं आपल्याकडे फार आधीची आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं गुरं चारायला जात म्हणून शाळेत येत नसत, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. ज्ञानरचनावादावरच्या, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं या विचारावरच्या, शंभर ओळी वाचण्याआधी या एका गोष्टीवर विचार करा, तत्त्व आपोआप कळेल.

ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गेलेलं मूल परत आलं की त्याला 'अप्रगत' च्या रांगेत बसवू नका. कारखान्यावरचं उसाचं वजन, टनाचा हिशेब, बैलांची देखभाल यातलं त्याला काय काय येतं ते आधी विचारा आणि गणिताचा तास तिथून सुरू करा.

पायरी ६ : एक तासिका नीट आखा

पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, हेतू म्हणून "विद्यार्थ्यांना अपूर्णांक समजावून देणे" असं लिहिलं जातं. हा हेतू तुमच्याबद्दल आहे. मुलं काय करतील ते लिहा : "१/३ आणि १/४ यांतला मोठा कोणता ते मुलं कागदाची घडी घालून दाखवतील आणि कारण सांगतील." ब्लूमचं शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण (१९५६, सुधारित २००१) इथे कामी येतं : स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, सर्जन. तुमचं क्रियापद यांतल्या कुठल्या पायरीवर बसतं ते पाहा.

३५ मिनिटांची तासिका अशी जाऊ शकते. पहिली पाच मिनिटं : "एक भाकरी तिघांत वाटली आणि तशीच दुसरी चौघांत. मोठा वाटा कुणाला?" सगळ्यांनी आधी अंदाज वहीत लिहायचा. बरीच मुलं चौथा भाग मोठा म्हणतील, कारण चार हे तीनपेक्षा मोठे. तो अंदाज खोडू नका, तो तुमच्या तासाचा पाया आहे. पुढची बारा मिनिटं सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्यांच्या घड्या. मग आठ मिनिटं बोलणं : "अंदाज बदलला का? कशामुळे?" मग सहा मिनिटं चित्रं आणि चिन्हं. शेवटची चार मिनिटं प्रत्येकाला एक चिठ्ठी : "१/५ आणि १/६ मध्ये मोठा कोणता, का?" चिठ्ठ्या गोळा करा, वाचा, उद्याचा तास त्यावरून ठरवा. मूर्ताकडून अमूर्ताकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे, विशेषाकडून सामान्याकडे ही अध्यापनाची सूत्रं तुम्ही या पस्तीस मिनिटांत वापरलीत. पेपरात ती ओळखायला आता अडचण येऊ नये.

द्विशिक्षकी शाळेत तुमच्याकडे एकाच वेळी दोन इयत्ता असतील. तेव्हा सगळ्यांना रुचेल असा एकच विषय घ्या आणि काम वेगळं द्या : बाजार हा विषय, दुसरीला नाणी मोजायची, तिसरीला बिल करायचं. एका गटाला हाताने करायचं काम असेल तेव्हाच दुसऱ्या गटाशी बोला. मोठ्या मुलांना लहानांचे शिक्षक करायला हरकत नाही, पण रोज त्याच दोन हुशार मुलींना नको. त्यांनाही शिकायचं असतं.

पायरी ७ : प्रश्न विचारा आणि गप्प राहा

अमेरिकेतल्या मेरी बड रो या अभ्यासिकेने वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. हा वेळ तीन सेकंदांहून जास्त केला की मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद फळ्यासमोर फार लांब वाटतात. मनात 'एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन' म्हणा. आधी प्रश्न विचारा, थांबा, आणि मग नाव घ्या. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग सुटतो.

पायरी ८ : हात उगारायचा नाही

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. कान धरून उभं करणं, वर्गासमोर गुण वाचून हसणं, "तुझ्या भावासारखाच तू" म्हणणं, हे सगळं त्यात येतं. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं आहेत, कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं सांगतं, कलम २८ खाजगी शिकवणीला बंदी घालतं. हे चार आकडे लक्षात ठेवा.

पण कायद्याच्या भीतीने छडी खाली ठेवलेला शिक्षक शब्दांनी मारू लागतो, आणि ते मी सहन करू शकत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीने पाचवीनंतर कधीच मोठ्याने वाचलं नाही, कारण एका वाचनाच्या तासाला तिच्या अडखळण्याची नक्कल झाली होती. आज ती स्वतः आई आहे.

गोंधळ होणारच. नियम चार-पाचच असावेत, मुलांबरोबर ठरवलेले, भिंतीवर लावलेले. आवाज वाढला की तुमचा आवाज खाली आणा. एखादं मूल सतत त्रास देत असेल तर तीन दिवस फक्त पाहा : कुठल्या तासाला, कुणाशेजारी, डबा खाण्याआधी की नंतर. बऱ्याचदा भूक, चष्म्याची गरज किंवा न समजणारा धडा यांतलं काहीतरी निघतं.

पायरी ९ : नोंद अशी लिहा की उपयोग होईल

महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक आणि संकलित असे दोन भाग आहेत. आकारिक शिकताना होतं, संकलित सत्राच्या शेवटी. निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही त्याची साधनं.

वर्णनात्मक नोंदीत "चांगला प्रयत्न करतो", "सुधारणा आवश्यक" अशी वाक्यं वर्षानुवर्षं एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवली जातात. त्यातून पुढच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा : "दोन अंकी वजाबाकी वस्तू वापरून करते. हातच्याशिवायची वहीत बरोबर, हातच्याची अजून चुकते." या दोन ओळींत पुढचं काम ठरलेलं आहे. रोज पाच मुलांबद्दल एकेक ओळ लिहिली तर आठवड्यात तीस मुलांचा वर्ग पूर्ण होतो.

पायरी १० : पेपर सोडवताना

प्रसंगावरचे प्रश्न नीट वाचा. "गृहपाठ वारंवार न करणाऱ्या विद्यार्थ्याबाबत शिक्षकाने प्रथम काय करावे?" यात 'प्रथम' हा शब्द सगळं ठरवतो. पालकांशी बोलणं हे योग्यच पाऊल आहे, पण कारण जाणून घेणं त्याच्या आधीचं. 'फक्त', 'नेहमी', 'सर्वच विद्यार्थी' असे शब्द असलेला पर्याय दोनदा तपासा. दोन पर्याय सारखे वाटले तर तुमच्या वहीतल्या त्या दोन मुलांपैकी एकाला त्या प्रसंगात बसवा आणि कुठल्या पर्यायाने त्याचं शिकणं पुढे सरकेल ते पाहा. शास्त्रज्ञ-सिद्धांत-वर्ष अशा जोड्यांना मात्र पाठांतरच लागतं, त्यासाठी एक कागद भिंतीवर चिकटवा.

मागच्या वर्षांचे पेपर सोडवा, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा : माहिती नव्हती, घाई झाली, की मनातला नियमच चुकीचा होता. मुलांच्या चुका वाचायच्या तशाच स्वतःच्याही वाचा.

नेमणुकीचं पत्र हातात आलं की शाळा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी गावात जा. पटावरची नावं पाहा, पण मुलांना घरी ज्या नावाने हाक मारतात ती नावंही विचारून घ्या. आणि सगळ्यात लांबच्या पाड्यावरून शाळेपर्यंतचा रस्ता एकदा स्वतः पायी चाला, मुलं जातात त्याच वाटेने, दप्तराएवढं ओझं खांद्यावर घेऊन. वाटेत ओढा असेल तर जुलैमधल्या गैरहजेरीचं कारण तुम्हाला हजेरीपत्रक भरण्याआधीच कळलेलं असेल.